इस्रोला खुलं पत्र : ‘स्वस्तात केलं’ हे आता पुरे

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय अंतराळ संशोधन संस्था,
तथा सचिव, अंतराळ विभाग, बंगळुरू.

स.न.वि.वि.

हे पत्र पैशाबद्दल आहे. ‘गरीब देशाला ही थेरं हवीतच कशाला’ या चालीवरचं मात्र नाही. तसली पत्रं तुमच्याकडे पोत्याने येत असतील आणि त्यांची उत्तरंही तयार असतील. माझी तक्रार उलट्या बाजूने आहे. तुम्ही अवकाशावर करता तो खर्च मला कमी वाटतो, निदान त्यातल्या एका कामावरचा, म्हणजे अवकाश दुर्बिणींवरचा, तरी. आणि जो करता तो ज्या थाटात सांगितला जातो, त्या थाटामुळे पुढच्या खर्चाची वाट बंद होत चालली आहे.

आठवून पाहा. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं. खर्च सुमारे ४५० कोटी. त्या वर्षी देशभर दोनच वाक्यं फिरत होती: एका हॉलिवूडपटापेक्षा कमी पैशात मंगळ, आणि किलोमीटरला सात रुपये, म्हणजे अहमदाबादच्या रिक्षापेक्षाही स्वस्त. दोन्ही खुद्द पंतप्रधानांच्या तोंडची, त्यामुळे ती फिरणारच. २०२३ मध्ये चांद्रयान-३ उतरलं तेव्हा ६१५ कोटींचा आकडा घेऊन पुन्हा तोच सिनेमा लागला. वाहिन्यांवरचे निवेदक तर असे खूश होते की जणू विक्रम लँडर त्यांनी घासाघीस करून आणला.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. दहा वर्षं तेच ऐकल्यावर मात्र असं वाटू लागलं, की स्वस्ताईखेरीज आपल्याजवळ सांगण्यासारखं काही उरलंच नाही की काय?

बरं, ती तुलनाही धड नाही. मंगळयानाचं वजन १,३३७ किलो आणि त्यातली वैज्ञानिक उपकरणं जेमतेम १५ किलोची. त्याच आठवड्यात, दोनच दिवस आधी, नासाचं मेवन मंगळाजवळ पोचलं होतं. त्याचा खर्च ६७ कोटी डॉलर आणि उपकरणं ६५ किलोची. तुमच्याकडे तेव्हा मोठं भरवशाचं रॉकेट नव्हतं म्हणून तुम्ही पीएसएलव्हीवर यान चढवलं, पृथ्वीभोवती घिरट्या घालत कक्षा वाढवत नेली आणि पहिल्याच फेकीत मंगळ गाठलात. हे कौशल्य आहे आणि ते कोणीही मान्य करील. पण दोन यानं दोन वेगळ्या कामांसाठी गेली होती, हे कोणी बोललंच नाही. बोलले असते तर कौतुक कमी झालं नसतं. लोकांना एवढं कळतं.

लोकांना काय कळतं, याबद्दल थोडं सांगतो, कारण माझा त्यांच्याशी रोजचा संबंध आहे. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्याकडे सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. आरसा पुण्यातल्या हौशी मंडळींच्या मदतीने घासलेला, नळी पीव्हीसीची, खालचं खोकं गावातल्या सुताराने प्लायवूडचं करून दिलेलं. थंडीत ती एस.टी. स्टँडमागच्या मैदानात लावली की रांग लागते. २०२५ सालच्या हिवाळ्यात शनी संध्याकाळी छान वर असायचा, पण दर पंधराएक वर्षांनी होतं तसं त्याची कडी आपल्या बाजूने ऐन धारेवर आली होती. पुस्तकातलं चित्र डोक्यात घेऊन आलेली माणसं डोळा लावायची आणि म्हणायची, ‘सर, कडी कुठंय?’ एका आजीबाईंनी बराच वेळ पाहून सांगितलं, ‘पेढ्याला उदबत्तीची काडी टोचलीय.’ इतकं नेमकं वर्णन मी शाळेच्या पुस्तकात वाचलेलं नाही.

रांगेतल्या निम्म्या लोकांचा पहिला संशय ठरलेला: नळीच्या पुढच्या तोंडाला फोटो चिकटवलाय का? वाकून बघून येतात. खात्री झाली की दुसरा प्रश्न: ‘केवढ्याला पडली?’ पूर्वी मला हा प्रश्न अरसिक वाटायचा. शनी दाखवतोय आणि हा किंमत विचारतोय! हळूहळू लक्षात आलं की आपल्याकडे ज्या वस्तूबद्दल मनापासून वाटतं तिचीच किंमत विचारली जाते. नको असलेल्या वस्तूची कोणी चौकशी करत नाही.

त्या संध्याकाळी एका पोराने मोबाइल पुढे केला. नासाच्या जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने टिपलेला कॅरिना तेजोमेघ, जुलै २०२२ मध्ये पहिल्या चित्रांत आला होता तो, सोनेरी-तपकिरी कडे आणि वर निळं आकाश. ‘सर, हे यातून दिसंल?’ नाही म्हणालो. आणि हेही सांगितलं, की तिथे जाऊन उभा राहिलास तरी हे रंग असे दिसायचे नाहीत. वेब पाहते तो अवरक्त प्रकाश, आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, रंग मागाहून ठरवून भरलेले असतात. (हे ऐकून लोक हिरमुसतात असा माझा अंदाज होता. उलट ‘मग खरं कसं असतं?’ म्हणून अर्धा तास जास्त थांबतात.) मग किंमत विचारली गेली. दहा अब्ज डॉलर. आपल्या पैशात ८५ हजार कोटींच्या वर.

मला वाटलं, आता कोणीतरी म्हणणार, एवढ्यात किती धरणं झाली असती. रांगेत ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. त्यांनी विचारलं, ‘टिकंल किती वर्षं?’ आणि लगेच, ‘बिघडली तर तिथं जातं कोण?’

साहेब, अवकाश दुर्बिणीचा सगळा खर्च या दोन प्रश्नांत आहे. नासाची आधीची दुर्बीण, हबल, पृथ्वीपासून पाच-सहाशे किलोमीटरवर फिरते. १९९० मध्ये ती वर गेल्यावर अंतराळवीर पाच वेळा तिथे जाऊन दुरुस्ती करून आले. वेब १५ लाख किलोमीटरवर आहे, चंद्राच्याही चौपट लांब. तिथे कोणी जात नाही. ती गेली एरियन-५ रॉकेटच्या टोपीत घडी घालून आणि वाटेत स्वतःची स्वतः उलगडली: साडेसहा मीटरचा आरसा १८ षटकोनी तुकड्यांचा, उन्हापासून वाचवणारा पाच पदरी पडदा टेनिसच्या मैदानाएवढा. नुसत्या एका जागी अडकलं तरी सगळं मुसळ केरात, अशा ३४४ जागा होत्या. आरशावरच्या सोन्याची फार चर्चा होते, ते सोनं भरतं ४८ ग्रॅम, म्हणजे चार तोळ्यांच्या थोडं वर. इथे एका बऱ्या लग्नात तेवढं निघतं. पैसा गेला तो त्या ३४४ जागा पुन्हा पुन्हा तपासण्यात, हजारो माणसांच्या वर्षानुवर्षांच्या पगारात, आणि चुका निस्तरण्यात. मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. ‘म्हणजे लेबरचाच खर्च,’ म्हणाले.

चुकांचंही सांगतो, कारण माझा मुद्दा तिथेच आहे. वेबचा अंदाज सुरुवातीला एक अब्ज डॉलरच्या घरात होता आणि ती २०१० च्या आत-बाहेर उडायची होती. उडाली २५ डिसेंबर २०२१ ला. २०११ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीने ती रद्दच करायला घेतली होती; खर्चाला आठ अब्जांचं कुंपण घालून ती वाचली, आणि ते कुंपणही नंतर मोडलं. २०१८ मध्ये आवाजाच्या हादऱ्यांची चाचणी झाली आणि पडद्याचे स्क्रू-वॉशर गळून पडले. त्याआधी कोणीतरी झडपा चुकीच्या द्रावणाने धुतल्या होत्या. हे मला कुठून कळलं? नासाने बाहेरच्या तज्ज्ञांचं मंडळ नेमलं, त्यांनी माणसांच्या हातून कोणत्या चुका झाल्या ते लिहिलं, आणि तो अहवाल कोणीही वाचावा असा ठेवला. आमच्या गावातल्या मोबाइलवर तो उघडतो.

हबलचं तर हसंच झालं होतं. वर गेल्यावर दोन महिन्यांत कळलं की आरसा चुकीच्या आकाराचा घासला गेलाय. कडेला २.२ मायक्रॉनचा फरक, केसाच्या जाडीच्या तुलनेत काहीच नाही, पण चित्रं धुरकट यायला तेवढं पुरे. कारण शोधलं: आरसा मोजण्याच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसवलं होतं. नोव्हेंबर १९९० मध्ये, म्हणजे चूक लक्षात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, संपूर्ण अहवाल छापून लोकांसमोर होता. टीव्हीवरच्या विदूषकांनी वर्षभर त्यावर पोट भरलं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती केली. दोन वर्षांनी, डिसेंबर १९९५ मध्ये, हबलचं काम पाहणाऱ्या संस्थेच्या संचालकांनी आपल्या वाट्याचा वेळ खर्चून सप्तर्षींतल्या एका साफ मोकळ्या दिसणाऱ्या तुकड्याकडे दहा दिवस दुर्बीण रोखली, आणि त्या टिचभर जागेत तीनेक हजार दीर्घिका निघाल्या.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. कोलंबिया यानाच्या अपघातानंतर २००४ मध्ये नासाने हबलची शेवटची दुरुस्ती रद्द केली. तेव्हा शास्त्रज्ञांच्या आधी सामान्य माणसं चवताळली. पत्रं, सह्या, खासदारांच्या मागे तगादा. २००६ मध्ये निर्णय फिरला आणि मे २००९ मध्ये दुरुस्ती झाली. ती दुर्बीण लोकांना आपली वाटली, कारण तिच्या फोटोंइतकीच तिची दुखणीही त्यांना ठाऊक होती. घरात आजारी माणसाचं सगळ्यांना माहीत असतं, म्हणून सगळे धावतात.

वेबचा कारभार आदर्श होता असं मी म्हणत नाही. तिने इतर कित्येक मोहिमांच्या तोंडचा घास काढला, आणि दहापट वाढलेल्या अंदाजाचं समर्थन कोणीच करू नये. आणि लोकप्रेम असलं की निधी कायम मिळतो, असंही नाही: २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नासाच्या विज्ञानावरचा खर्च जवळजवळ निम्मा करायचं सुचवलं होतंच. माझं म्हणणं एवढंच, की तिथल्या माणसाला भांडायचं झालं तर हातात कागद असतो. मला तुमच्याशी भांडायचं आहे आणि माझ्या हातात सिनेमाची उपमा आहे.

आता आपल्या दुर्बिणीबद्दल. हो, आपलीही आहे. रांगेतल्या शंभरांत दोघांना तिचं नाव ठाऊक असेल तर पुष्कळ. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० ने ॲस्ट्रोसॅट वर नेलं. सुमारे १७८ कोटींचं काम. मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयुका, बंगळुरूच्या दोन संस्था, अहमदाबादची पीआरएल, सगळ्यांचे हात त्याला लागलेले. अतिनील किरणांपासून तीव्र क्ष-किरणांपर्यंत एकाच वेळी पाहणारी अशी वेधशाळा जगात दुर्मीळ. आयुष्य धरलं होतं पाच वर्षांचं. २०२५ मध्ये दहा पुरी झाली. तिच्या अतिनील दुर्बिणीचे आरसे ३८ सेंटीमीटरचे आहेत, आमच्या पीव्हीसीच्या नळीपेक्षा अडीचपट, बस्स. त्यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये २८ तास एका जागी नजर लावली आणि ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून येणारा अतितीव्र अतिनील प्रकाश पकडला. हबलला तो दिसला नव्हता. पुण्याच्या आयुकातल्या डॉ. कनक साहा यांच्या नेतृत्वाखाली ते संशोधन २०२० मध्ये जगापुढे आलं. तिच्यावरच्या दुसऱ्या एका उपकरणाने पाचशेहून अधिक गॅमा-किरण स्फोट टिपले.

तुलनेचा मोह वाईट. तरी एक हिशोब करून पाहिला. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, खर्च ५५ हजार कोटींच्या पुढे. त्या दराने ॲस्ट्रोसॅटच्या पैशात जेमतेम सव्वादोन किलोमीटर रस्ता होतो, इगतपुरीचा बोगदा तर दूरच.

पण मला या आकड्याचा अभिमान वाटायच्या ऐवजी आता धास्ती वाटते. १७८ कोटींत दहा वर्षं भागलं, म्हणून पुढची दुर्बीणही तेवढ्यातच बसेल असं कुठल्या तरी फायलीवर कोणी लिहीत असेल का? ॲस्ट्रोसॅटचं वय दिसायला लागलं आहे. निकट-अतिनील पाहणारा तिचा एक डोळा २०१८ मध्येच गेला. त्याच वर्षी तुम्हीच देशातल्या शास्त्रज्ञांकडून पुढच्या खगोल मोहिमांचे प्रस्ताव मागवले होते. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने ‘दक्ष’ची कल्पना मांडली गेली: पृथ्वीच्या दोन बाजूंना दोन उपग्रह, म्हणजे आकाशात कुठेही स्फोट झाला तरी निदान एकाला दिसणार. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने ‘इन्सिस्ट’ ही अतिनील आणि दृश्य प्रकाशाची मोठी दुर्बीण सुचवली. तेव्हा पीएच.डी.ला बसलेली पोरं आता प्राध्यापक झाली.

मधल्या काळात क्ष-किरण पाहणारं एक्सपोसॅट गेलं, १ जानेवारी २०२४ ला. आदित्य-एल१ सप्टेंबर २०२३ मध्ये निघून जानेवारीत ठरल्या जागी पोचलं, त्यावरची सूर्याकडे बघणारी अतिनील दुर्बीण आयुकाचीच. दोन्ही चांगली कामं. पण एक मोजक्या उपकरणांचं आहे आणि दुसरं फक्त सूर्याकडे पाहतं. ॲस्ट्रोसॅटची जागा घेणारी, देशातल्या कुठल्याही खगोलशास्त्रज्ञाने अर्ज करून वेळ मागावा अशी मोठी वेधशाळा कुठे आहे? १८ सप्टेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाने एका दिवसात चांद्रयान-४ साठी २,१०४ कोटी, शुक्र मोहिमेसाठी १,२३६ कोटी, नव्या प्रक्षेपकासाठी ८,२४० कोटी मंजूर केले आणि गगनयान कार्यक्रमाची रक्कम २०,१९३ कोटींवर नेली. पैसा नाही, असं म्हणायची सोय त्या दिवशी संपली. त्या यादीत दुर्बीण नव्हती.

का नव्हती, याबद्दल माझा एक अंदाज आहे. दुर्बीण उतरत नाही. तिला ‘अखेरची पंधरा मिनिटं’ नसतात. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी तुमचं थेट प्रक्षेपण एका वेळी ऐंशी लाखांहून जास्त लोक यूट्यूबवर बघत होते. आमच्या कॉलेजच्या सभागृहात पोरं खिडक्यांच्या गजांवर चढली होती. दुर्बिणीला असा क्षण नाही. ती वर जाते, महिनोन्‌महिने तिची उपकरणं जुळवली जातात, आणि चार वर्षांनी एक शोधनिबंध येतो. तरीही वेबची चित्रं आली तेव्हा याच गावात लोकांनी ती डीपीला लावली, ‘शुभ सकाळ’च्या फुलांच्या जागी पाठवली. (‘नासाने दिवाळीच्या रात्री टिपलेला भारत’ हे खोट्या नावाचं चित्रही अजून दर दिवाळीला येतं, त्याला इलाज नाही.) म्हणजे ओढ आहे. ती तुम्ही वापरत नाही आणि मग परकी चित्रं ती जागा भरून काढतात.

परकी म्हणालो, पण तेही अर्धंच खरं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या निरीक्षणांतून एक सर्पिल दीर्घिका शोधून काढली. विश्व दीडशे कोटी वर्षांचंच होतं तेव्हाची, आणि तरी आपल्या आकाशगंगेसारखे रेखीव बाहू असलेली. नाव ठेवलं ‘अलकनंदा’. अमेरिका, युरोप आणि कॅनडाच्या करदात्यांचे दहा अब्ज डॉलर, आणि शोध पुण्याच्या गणेशखिंडीत लागला, कारण ती निरीक्षणं सगळ्यांना खुली आहेत. या खुलेपणाची परतफेड करायची तर आपल्यालाही जगाने डोळे लावावेत अशी दुर्बीण वर ठेवावी लागेल. दुसऱ्याच्या विहिरीवर किती दिवस पाणी भरणार?

उशिराचीही किंमत असते आणि ती कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. तुमच्या खात्याचा प्रकल्प नाही, पण उदाहरण घरचं आहे: हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ होऊ घातलेली लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ला झाली आणि आपल्या मंत्रिमंडळाने सहा दिवसांत तत्त्वतः मंजुरी दिली. वाटलं, व्वा! पूर्ण मंजुरी, २,६०० कोटींची, एप्रिल २०२३ मध्ये आली. ती सहा दिवसांची चपळाई आणि ही सात वर्षं यांच्यामध्ये मराठवाड्यातली बारावीची एक अख्खी पिढी शास्त्रज्ञ व्हायचं स्वप्न बघून बँकेच्या परीक्षांना बसली.

आता कटू भाग. चांद्रयान-२ चं लँडर सप्टेंबर २०१९ मध्ये आदळलं. त्याच्या चौकशीचा पूर्ण अहवाल आम्ही कधी पाहिला नाही. पुढे चांद्रयान-३ त्याच चुका दुरुस्त करून उतरलं, याचा अर्थ तुम्ही आत प्रामाणिकपणे सगळं खणून काढलं होतं. मग ते आम्हाला दाखवायला काय हरकत होती? १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात फसलं. जानेवारी २०२६ मध्ये सी६२ ची गाडीही तिसऱ्या टप्प्यातच घसरली. पहिल्या अपयशाचा अहवाल दुसऱ्या उड्डाणाआधी जाहीर झाला नव्हता. पीएसएलव्ही म्हणजे तुमचा सगळ्यात भरवशाचा घोडा, ॲस्ट्रोसॅट त्याच्यावरच गेलं होतं. गेली दोन उड्डाणं का फसली हे विचारणारा माणूस देशद्रोही ठरू नये, एवढी तरी व्यवस्था तुमच्या हातात आहे.

गरिबीचा प्रश्न टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. विक्रम साराभाईंनी सांगून ठेवलं होतं की चंद्रावर, ग्रहांवर जाण्यात बड्या देशांशी शर्यत लावायचं स्वप्न आपण बघत नाही. माणसांच्या आणि समाजाच्या खऱ्या प्रश्नांना हे तंत्रज्ञान लावण्यात आपण कोणाहून मागे नसावं. हवामान, मासेमारी, चक्रीवादळाचा इशारा, हे सगळं तुम्ही त्या वाटेने उभं केलंत. दुर्बीण त्या यादीत बसत नाही आणि ती ओढून-ताणून बसवूही नये. दूरच्या दीर्घिका पाहून कांद्याचा भाव सुधारत नाही. ती बघायची असते, कारण आकाश आहे आणि आपण प्रश्न विचारणारी माणसं आहोत. तुमच्या विभागाचा वर्षाचा खर्च १३ हजार कोटींच्या आसपास, म्हणजे माणशी नव्वद-पंच्याण्णव रुपये. माझ्या प्रयोगशाळेत लंबकाच्या प्रयोगाला स्टॉपवॉच नाहीत, मुलं मोबाइल वापरतात. त्याचा दोष त्या पंच्याण्णव रुपयांवर टाकण्याइतका मी भाबडा नाही. ते पैसे इथे आले असते असं ज्याला वाटतं त्याने आमच्याकडची अनुदानाची फाईल एकदा प्रवास करताना पाहावी. पण हे उत्तर मी मैदानात अंधारात उभा राहून देतो. ते तुम्ही द्यायला हवं, आणि ‘सिनेमापेक्षा स्वस्त’ हे त्याचं उत्तर नाही.

तर मागणं असं. प्रत्येक मोहिमेचा हिशोब, मंजूर किती, लागले किती, उशीर किती आणि का, संकेतस्थळावर कोणालाही वाचता येईल असा ठेवा, आणि तो मराठीतही ठेवा. फसलेल्या उड्डाणांचे अहवाल, संरक्षणाशी संबंधित भाग काळा करून का होईना, छापा. आणि ॲस्ट्रोसॅटनंतरच्या वेधशाळेचा निर्णय घ्या. ‘दक्ष’ असो, ‘इन्सिस्ट’ असो, की दोन्ही नाकारून तिसरंच काही. नाकारलं तर का नाकारलं ते लिहा. हजार-दीड हजार कोटी लागणार असतील तर तेवढे लागणार म्हणून सांगा. कमी सांगून नंतर वाढवू नका, आणि वाढलेच तर लपवू नका. आम्ही चिडू, टीव्हीवर तुमची टर उडेल, संसदेत प्रश्न येतील. हबलवाल्यांनी हे सगळं सोसलं आणि त्यांची दुर्बीण अजून चालू आहे.

डॉ. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. मे २०२५ मध्ये ते गेले; त्याला वर्ष झालं की व्हायचंय, हे पत्र तुमच्या टेबलावर कधी येतं त्यावर आहे. त्यांच्या धर्तीवर तुम्हाला एक सोपं काम सुचवतो. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमाराला जुन्नर तालुक्यात खोडदला महाकाय रेडिओ दुर्बिणीचं आवार लोकांसाठी उघडतात. पंचेचाळीस मीटरच्या तबकड्यांखाली गावोगावच्या शाळा येतात, पोरं आपापले प्रयोग मांडून बसतात, कोणीतरी हमखास विचारतं, ‘यातून चंद्र दिसतो का?’ तिथे या वेळी एक टेबल तुमचंही मांडा. त्यावर ॲस्ट्रोसॅटचं मॉडेल ठेवा आणि शेजारी तिचा खर्चाचा तक्ता. बसायला असा अभियंता पाठवा ज्याने स्वतः एखादा बोल्ट आवळला आहे आणि ज्याला एखादं अपयश आठवतं. मी आमची पोरं आणि ते मिस्त्री, दोन्ही घेऊन येतो. प्रश्न पैशाचे असतील. सकाळी नऊपर्यंत टेबल लागलेलं बरं. नंतर गर्दीत पाय ठेवायला जागा मिळत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तालुक्याच्या गावचा एक भौतिकशास्त्राचा मास्तर